तिसरा ड्रॉवर

(रौप्य महोत्सवी सोहळ्यात सोसायटीच्या माजी सचिवांनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावासमोर ‘सचिवपदाच्या आठवणी’ असं छापलेलं आहे. बोअरवेलला पाणी लागलं तो दिवस, गच्चीवरची पहिली कोजागिरी, लिफ्ट आली तेव्हाची गंमत, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी छान सांगितलं. म्हणून मी आज एका लोखंडी कपाटाबद्दल बोलणार आहे. जिन्याखालच्या आपल्या ऑफिसात चार ड्रॉवरचं जे करड्या रंगाचं फाइलिंग कॅबिनेट उभं आहे, त्याबद्दल. हसा, हसा. पण या कॅबिनेटच्या तिसऱ्या ड्रॉवरपायी आपल्या एका सभासदाच्या घराला वर्षभर त्रास झाला आणि त्यात मोठा वाटा माझा होता. पंचवीस वर्षांचा हिशेब मांडायला बसलो आहोत, तर नावे बाजूलाही काही लिहिलं पाहिजे.

आधी हे कॅबिनेट आलं कुठून ते सांगतो. सोसायटी नोंदली तेव्हा आपलं सगळं दफ्तर पहिल्या अध्यक्षांच्या घरी, पलंगाखालच्या लोखंडी पेटीत असायचं. कोणाला शेअर सर्टिफिकेट पाहिजे असेल तर अध्यक्षांच्या घरच्यांना आधी पलंगावरची गादी उचलावी लागे. दुसऱ्या वर्षी एका कार्यालयाच्या लिलावात हे कॅबिनेट स्वस्तात मिळालं. ठेल्यावर टाकून आम्ही चौघं ते आर्वी नाक्यापासून ढकलत आणलं. जिन्याखाली पंपाच्या बाजूची खोली रिकामी होती, तिथे ठेवलं, नारळ फोडला, झालं ऑफिस.

मी आयुष्यभर सरकारी कार्यालयात लिपिक होतो. कागदाशीच संसार. आपल्याकडे जुन्या काळी कागद रुमालात बांधून ठेवत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्यांना आजही ‘रुमाल’च म्हणतात. रुमालात एक कागद शोधायचा तर पूर्ण गठ्ठा सोडावा लागतो. फायली पुस्तकासारख्या उभ्या लावून खोल ड्रॉवरमध्ये ठेवायची पद्धत १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. स्वामी विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. उभ्या फायलींचा फायदा एवढाच की बाकीच्यांना धक्का न लावता पाहिजे तो कागद काढता येतो. पण त्यासाठी ड्रॉवर पूर्ण बाहेर यायला हवा. तो चार बोटं उघडून थांबला, तर त्या पद्धतीला काही अर्थ राहत नाही. मग तो रुमालापेक्षाही वाईट, कारण रुमाल निदान सोडता तरी येतो.

आपला तिसरा ड्रॉवर चार बोटांवर थांबायला लागला तो चौथ्या-पाचव्या वर्षी. पावसाळ्यात अडकायचा, दिवाळीनंतर जरा सैल व्हायचा, उन्हाळ्यात चालायचा. आम्ही म्हणायचो, हवामानाचा परिणाम. उपाय काय केले तेही ऐका. खजिनदार त्याला खालून लाथ मारायचे. मी दोन्ही हातांनी हँडल धरून झटके द्यायचो, त्यात हँडलचा एक स्क्रू गेला. कोणी म्हणालं तेल सोडा. मी घरून खोबरेल आणलं आणि दोन्ही बाजूंनी ओतलं. आठ दिवस बरं वाटलं. मग डिसेंबरची थंडी पडली, बाटलीतलं खोबरेल गोठतं तसं चॅनलमधलंही गोठलं. पुढच्या वर्षी आमच्या चौकीदारबुवांनी जवसाचं तेल सुचवलं. विदर्भात जवस घरोघरी. तेही ओतलं. जवसाचं तेल हवेत राहिलं की हळूहळू सुकून त्याचा चिवट थर होतो. म्हणून तर ते रंगात वापरतात. हे रंगकाम करणाऱ्याला माहीत असतं, मला नव्हतं. म्हणजे मी माझ्या हाताने ड्रॉवरला व्हार्निश लावून ठेवलं आणि त्यावर पंपाच्या खोलीतली धूळ बसली.

शेवटी आम्ही शहाण्या माणसासारखं एक ठरवलं. तिसरा ड्रॉवर उघडायचाच नाही. नवे कागद दुसऱ्या आणि चौथ्यात ठेवायचे. तिसऱ्याच्या फटीतून मात्र मी वरवरचे कागद आत सरकवत राहिलो. टपालपेटीत टाकावे तसे.

आता मुख्य गोष्ट.

सुमारे नऊ वर्षांपूर्वी, आषाढात, आपले एक सभासद अचानक गेले. नाव घेत नाही, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. अत्यंत व्यवस्थित माणूस. मेंटेनन्स त्यांनी कधी दहा तारखेच्या पुढे जाऊ दिला नाही. तेरवी झाल्यावर चार दिवसांनी वहिनी ऑफिसात आल्या. हातात एक पिशवी, त्यात मृत्यूचा दाखला आणि शेअर सर्टिफिकेट. म्हणाल्या, “भाऊजी, फ्लॅट माझ्या नावावर करायचा आहे. यांनी नॉमिनेशनचा फॉर्म दिला होता ना? मला म्हणाले होते, देऊन टाकतो म्हणून.”

मी दुसरा ड्रॉवर पाहिला, चौथा पाहिला. तिसरा ओढला, तो चार बोटं आला आणि थांबला. बॅटरी मारून पाहिलं. आत नुसत्या फायलींचे माथे दिसत होते. मग नामनिर्देशनाची नोंदवही काढली. त्यात त्यांचं नाव नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वहीत पहिल्या सात सभासदांनंतर कोणाचंच नाव नव्हतं. मी वहिनींना म्हणालो, “वहिनी, फॉर्म दिलेला दिसत नाही.”

या एका वाक्याची किंमत पुढे त्यांनी अकरा महिने मोजली. नामनिर्देशन असतं तर काम सोपं होतं. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यात कलम ३० मध्ये तेव्हा त्याची सरळ सोय होती. ते नाही म्हटल्यावर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, हमीपत्र. त्यात गावाकडच्या एका नातेवाइकाने हरकत घेतली, म्हणून कोर्टातून वारसाचा दाखला. वकिलाची फी. दर तारखेला शाळेतून अर्धी रजा, कारण त्या तेव्हा नोकरी करत होत्या. मुलीच्या कॉलेजसाठी कर्ज पाहिजे होतं, तेही फ्लॅट नावावर नाही म्हणून लांबलं. पुढच्या जूनमध्ये कसंबसं सगळं पार पडलं. मी मिठाई खाल्ली आणि विसरून गेलो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, पोळ्याच्या आधीच्या रविवारी, गेटचं बिजागर तुटलं म्हणून एक वेल्डिंगवाला मिस्त्री आला होता. काम झाल्यावर पैसे द्यायला त्याला ऑफिसात नेलं. पावती पुस्तक नेमकं तिसऱ्यात. मी सवयीने दोन्ही हातांनी झटका दिला. तो दारातूनच ओरडला, “काकाजी, जोर नोका लावू! कायले त्याचा जीव घेता?”

मी म्हणालो, “अरे बाबा, पावसाळ्यात फुगतो तो.”

तो हसला. “लाकूड फुगते जी पाण्यानं. लोखंड कायले फुगन?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. लोखंड उन्हाने थोडं वाढतं, हे शाळेत शिकलो. पण दोन फुटांच्या पट्टीला ती वाढ केसाएवढी. आणि तसं असतं तर ड्रॉवर मे महिन्यात, वर्ध्याच्या ४५ अंशांत अडकायला हवा होता. हा अडकायचा ऑगस्टमध्ये आणि मेमध्ये सुटायचा. म्हणजे फुगत होतं ते दुसरंच काहीतरी.

मिस्त्रीने खिशातून काही काढलं नाही, माझ्या नातवाचा कंचा मागितला. कॅबिनेटसमोरच्या फरशीवर ठेवला. कंचा गडगडत भिंतीपासून दूर, दारापाशी गेला. मग सुतळी घेऊन त्याने कॅबिनेटच्या तोंडाचे दोन तिरपे मोजले, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या खालच्यापर्यंत आणि मग उलट. चौकट सरळ असेल तर दोन्ही सारखे भरतात. आपले अर्ध्या बोटाने कमी-जास्त भरले. कॅबिनेट तिरकं झालं होतं. दोन बाजूंचे चॅनल एकमेकांना समांतर नव्हते, म्हणून ड्रॉवर थोडा बाहेर आला की कैचीत सापडायचा.

आणि तिरकं का झालं? आपली जमीन काळी, कपाशीची. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही विचारा. आपली इमारत खालच्या मुरुमापर्यंत गेलेल्या कॉलमवर उभी आहे, तिला काही होत नाही. पण जिन्याखालच्या खोलीची फरशी भरावाच्या मातीवर टाकलेली आहे. त्यात बाहेरून टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी त्याच कोपऱ्यात मुरत होतं. पावसाळ्यात मागचा कोपरा वर यायचा, उन्हाळ्यात खाली बसायचा. आम्ही वर्षानुवर्षं ड्रॉवरला लाथा मारल्या, आणि दोष होता फरशीखालच्या मातीचा.

त्या दिवशी त्याने जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण घरोघरी लोखंडी कपाटं आहेत, टेबलं आहेत, तुमच्या कामी येईल.

पहिलं, कुलूप. या कॅबिनेटला एकच कुलूप असतं आणि आतून एक उभी दांडी चारही ड्रॉवरला धरते. एखादा ड्रॉवर पूर्ण आत नसताना कुलूप दाबलं तर ती दांडी अर्धवट अडकून राहते. त्याने किल्ली फिरवून दांडी पूर्ण वर आली का ते पाहिलं. ते ठीक होतं.

दुसरं, त्याने तिसऱ्याला हात न लावता वरचा दुसरा ड्रॉवर रिकामा केला. तो पूर्ण बाहेर ओढला, पुढचा भाग किंचित उचलला आणि तो अलगद निघून आला. काही चॅनलला बाजूला लहान खटके असतात, ते दाबावे लागतात. एक मात्र लक्षात ठेवा. चार ड्रॉवरचं भरलेलं कॅबिनेट फार जड असतं आणि दोन-तीन ड्रॉवर एकदम बाहेर काढले तर सगळं पुढे अंगावर येतं. नेहमी एका वेळी एकच ड्रॉवर उघडायचा. लहान मुलांना तिथे लटकू द्यायचं नाही. ऐकलं का रे पुढच्या सतरंजीवरच्यांनो?

तिसरं, दुसऱ्याच्या रिकाम्या जागेतून त्याने हात घालून तिसऱ्यातल्या फायली वरून चाचपल्या. एक जाड रजिस्टर वर उचललं जाऊन मधल्या आडव्या पट्टीला टेकलं होतं. ते त्याने खाली दाबलं, तर ड्रॉवर वीतभर पुढे आला. मग मुठी-मुठीने फायली वरून काढल्या. किती निघाल्या असतील? कागदाचं ५०० पानांचं रीम सुमारे अडीच किलोचं असतं आणि पाच सेंटिमीटर जाडीचं. दोन फूट खोल ड्रॉवर ठासून भरला की बारा रीम, म्हणजे तीस किलो. आमचा तर त्याहून जास्त भरलेला. वजनाने त्याचा तळ खाली झोळीसारखा आला होता आणि चौथ्याच्या माथ्याला घासत होता. चौथा का घासतो, हे कोडं तेव्हा सुटलं. ड्रॉवरमध्ये चार बोटं जागा नेहमी मोकळी ठेवा, फायली बोटाने मागे-पुढे करता आल्या पाहिजेत.

चौथं, रिकामा झालेला ड्रॉवर बाहेर आल्यावर चॅनल. छर्ऱ्यांवर काळा डांबरासारखा थर, माझ्या दोन तेलांचा आणि धुळीचा. थिनरमध्ये भिजवलेला फडका, जुना टूथब्रश, आणि तासभर मेहनत. गंज होता तिथे बारीक पॉलिश पेपर. एक पट्टी माझ्या झटक्यांनी आत वाकली होती, ती त्याने लाकडाचा ठोकळा लावून हळूहळू सरळ केली. सगळं कोरडं पुसून झाल्यावर बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस. मी म्हणालो, “बस एवढंच?” तो म्हणाला, “जास्त लावलं का धूळच खाते जी ते.” माझी आई चरखा चालवायची. मगनवाडीत शिकली होती. चातीला तेलाचा एकच थेंब, दुसरा नाही, हे तिने मला लहानपणी दहादा सांगितलं असेल. त्याच मगनवाडीत ज्या मगन संग्रहालयाचं गांधीजींनी १९३८ साली उद्घाटन केलं, तिथली साधी अवजारं पाहत मी मोठा झालो. आणि ड्रॉवरमध्ये वाटीभर तेल ओतलं. ज्यांच्या ड्रॉवरला छर्रे नाहीत, नुसतं लोखंडावर लोखंड घासतं, त्यांनी मेणबत्ती घासावी, तेही पुष्कळ होतं. स्वयंपाकघरातलं कोणतंही तेल नको.

पाचवं आणि शेवटचं, पाया. त्याने पुढच्या आठवड्यात अँगलचं एक बुटकं स्टँड करून आणलं. चारही पायांना नट-बोल्ट, फरशी हलली तर पाना लावून उंची कमी-जास्त करता येते. पाणसळ ठेवून कॅबिनेट सरळ केलं, मागून भिंतीला पट्टीने धरलं. ओव्हरफ्लोचा पाइप आपण नालीपर्यंत लांब नेला. आता दर जूनमध्ये आणि दर नोव्हेंबरमध्ये बोल्ट तपासतो. तेव्हापासून तो ड्रॉवर एका बोटाने उघडतो. कार्यक्रम झाल्यावर जाऊन बघा.

पण मी एक गोष्ट मधे सोडली.

तिसरा ड्रॉवर पूर्ण निघाला, तेव्हा मिस्त्रीने बॅटरी आत मारली आणि म्हणाला, “मागं काही पडलं हाय.” ड्रॉवरची मागची पाटी बुटकी असते. ठासून भरलेल्या ड्रॉवरमध्ये वरून कागद सरकवले की ते मागच्या मागे घरंगळतात आणि कॅबिनेटच्या तळाशी जाऊन पडतात. तिथून एक सुकलेली पाल निघाली, गणपतीच्या वर्गणीचं अर्धं पावती पुस्तक, दोन बिलं आणि टाचणी लावलेले तीन कागद.

ते तिन्ही नामनिर्देशनाचे फॉर्म होते. एकाच सभासदाचे, तीन प्रतींमधले. सही, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या, सगळं पूर्ण. तारीख त्यांच्या जाण्याच्या चार वर्षं आधीची. तीनपैकी एक प्रत मी समितीच्या सभेत ठेवून, वहीत नोंद करून, पोच देऊन त्यांना परत द्यायची असते. मी तिन्ही प्रती घेतल्या होत्या आणि ‘नंतर करू’ म्हणून फटीतून आत सरकवल्या होत्या.

मी खाली बसलो. मिस्त्रीने विचारलं, “पाणी आणू का काकाजी?”

दोन दिवस मी तो कागद घरी ठेवला. खोटं बोलत नाही, फाडून टाकायचाही विचार आला. काम तर झालंच होतं, फ्लॅट नावावर चढला होता, आता कोणाला काय फरक पडतो? तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, “तुम्ही दोन दिवस जेवून नाही राहिले. जाऊन देऊन या.” मी गेलो.

वहिनींनी चष्मा लावून कागद वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. मला वाटलं आता त्या बोलतील, आणि मी ऐकून घ्यायची तयारी करून गेलो होतो. अकरा महिने, वकिलाचे पैसे, शाळेतल्या अर्ध्या रजा. त्यातलं काहीच त्या बोलल्या नाहीत. सहीवर बोट ठेवून म्हणाल्या, “म्हणजे त्यांनी दिला होता.”

मी मान हलवली.

“वर्षभर मी त्यांच्यावर रागावून होते, भाऊजी. म्हटलं, एवढा व्यवस्थित माणूस, जगाची बिलं वेळेवर भरली, आणि माझंच काम तेवढं विसरून गेला. फोटोसमोर दिवा लावताना पण तेच मनात यायचं.”

मंडळी, पैशाचं नुकसान भरून देता येतं. मी वकिलाच्या फीचं विचारलंही, त्यांनी घेतले नाहीत. पण एक बाई वर्षभर आपल्या गेलेल्या नवऱ्याला मनातल्या मनात बोल लावत होती आणि त्याचा काही दोष नव्हता, याची भरपाई मी कोणत्या खात्यातून करू?

हे भाषण लिहिण्याआधी मी वहिनींना विचारलं, सांगू का? त्या म्हणाल्या, “सांगा. पण वहीचं पण सांगा. नुसतं ड्रॉवरचं नका सांगू.”

बरोबर आहे त्यांचं. म्हणून तेही कबूल करतो. ड्रॉवर अडकला होता हे खरं. पण मी वहीत एक ओळ लिहिली असती, पोच दिली असती, तर ड्रॉवर जन्मभर अडकलेला राहिला असता तरी बिघडलं नसतं. ऑफिसात मी लोकांना ‘सहा गठ्ठे पद्धत’ शिकवत होतो. हातातली प्रकरणं, प्रतीक्षेतली, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची, आणि सहावा गठ्ठा ‘ड’ वर्गाचा, म्हणजे नष्ट करायचा. आपल्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये निम्म्याच्या वर तो सहावा गठ्ठाच होता. विजेच्या बिलांच्या झेरॉक्स, लग्नपत्रिका, बंद पडलेल्या पंपाची माहितीपुस्तिका. नको ते फेकलं नाही, म्हणून हवं ते मागे ढकललं गेलं. सरकारच्या कागदाला मी शिस्त लावली आणि शेजाऱ्याच्या कागदाला नाही, कारण शेजाऱ्याचं काम ‘घरचंच’ वाटत होतं.

त्यानंतर आपण काय बदललं ते थोडक्यात सांगतो. पहिल्या ड्रॉवरमध्ये कायमची कागदपत्रं: नोंदणी प्रमाणपत्र, उपविधी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचे कागद. दुसऱ्यात सभासदनिहाय एकेक फाइल, फ्लॅट नंबरप्रमाणे. तिसऱ्यात हिशेब आणि ऑडिट. चौथ्यात चालू पत्रव्यवहार. दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली आहे. दर मार्चमध्ये समिती बसून सहावा गठ्ठा बाहेर काढते आणि काय काढलं ते इतिवृत्तात लिहिते. महत्त्वाचे कागद स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवलेले आहेत. किल्ल्या दोन. एक सचिवांकडे, दुसरी वहिनींकडे. हो, पुढच्याच निवडणुकीत त्या समितीवर आल्या आणि नामनिर्देशनाची नोंदवही त्यांनी पहिल्या पानापासून पूर्ण केली. प्रत्येक घरी जाऊन. त्या वहीत आज एकही रकाना रिकामा नाही.

तरुण मंडळींना दोन गोष्टी सांगतो. कायद्याप्रमाणे सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्तं, आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहायचा तुम्हाला हक्क आहे. २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरणही आलं. हक्क असतो, पण कोणी मागायला येत नाही, म्हणून आमच्यासारखे सचिव ‘नंतर करू’ म्हणतात. येत जा. वर्षातून एकदा तरी आपली फाइल काढून बघा. आणि दुसरं, नामनिर्देशन म्हणजे मालकी देणं नव्हे. ज्याचं नाव लिहिता तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. त्यामुळे घरात कोणाला राग यायचं कारण नाही. लग्न झालं, कोणी गेलं, नातं बदललं, तर फॉर्म बदला आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. सचिव कितीही ओळखीचा असो.

तो मिस्त्री आज इथे आला आहे. मागे उभा आहे, पुढे ये म्हटलं तर लाजतो. त्या दिवशी त्याने गेटच्या बिजागराचे पैसे घेतले आणि कॅबिनेटचे फक्त थिनरचे. मी आग्रह केला, तर म्हणाला, “पुढच्या वेळी जोर नोका लावू, एवढं केलं तरी पुरे.”

अजूनही कुठे काही अडकलं की माझे दोन्ही हात सवयीने पुढे जातात. मग कंचा आठवतो. आधी खाली बसून पाहतो, कुठे उतार आहे ते.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.  चहा-आलुबोंड्याची व्यवस्था पार्किंगमध्ये आहे, आणि ऑफिस रात्री नऊपर्यंत उघडं ठेवलं आहे.

जय हिंद! जय सहकार!